मोकळा सोडायचा पाइप

गाडी बंद पडली की मी काय करतो ते आधीच सांगून टाकतो. टाकीचं झाकण उघडून आत डोकावतो, गाडी डावी-उजवी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकतो, कॉक रिझर्व्हवर करतो, आठ-दहा किका मारतो आणि मग मेकॅनिकला फोन लावतो. बी. ए. मराठी आणि त्यावर वीसेक वर्षं सरकारी कारकुनी, एवढ्या भांडवलावर यापेक्षा जास्त येत नाही. तेव्हा मी कार्बोरेटरवर लिहितोय हे पाहून नेहमीच्या वाचकांना हसू येईल. येऊ दे. (शुद्ध शब्द कार्ब्युरेटर आहे हे मला ठाऊक आहे, पण तसं म्हणणारा मेकॅनिक मला अजून भेटलेला नाही.)

झालं असं की मे महिन्यात आम्ही बुऱ्हाणपूरला गेलो होतो. बायकोची थोरली बहीण तिथे दिलेली आहे. गोवा एक्सप्रेसने भुसावळला उतरायचं आणि तिथून पुढे तासाभराचा प्रवास. गाव मध्य प्रदेशात असलं तरी आपल्याला परकं वाटत नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी ती हीच. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने पेशव्यांना जो मुलूख दिला त्यात बुऱ्हाणपूर होतं. आणि रावेर-मुक्ताईनगरकडची मराठी आजही इथल्या बाजारात सर्रास ऐकू येते. गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, दुकानदार हिंदीत सांगतो, घासाघीस दोन्हीत होते आणि कोणाचंच काही अडत नाही. मराठी-कोकणी वादात अर्धी हयात घालवलेल्या आम्हा गोंयकारांना हे बघून जरा चुटपुट लागते. असो, तो विषय नाही.

साडूंच्या अंगणात कडुनिंबाखाली त्यांच्या वडिलांची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर उभी होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी कोणी चालवली नव्हती आणि ती विकावी असंही कोणी बोललं नव्हतं. भाचा यंदा बारावी झाला. त्याने ठरवलं होतं की आजोबांची गाडी चालू करायची आणि गोव्याच्या काकांना तिच्यावर बसवून कुंडी भंडारा दाखवायचा. आम्ही पोचलो तेव्हा कार्बोरेटर निघून वर्तमानपत्रावर मांडलेला होता. तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट चिकटा राहतो. जेटची भोकं केसाएवढी, ती त्याने बुजतात. पोराने मोबाइलवर व्हिडिओ बघत सगळं पेट्रोलमध्ये भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, सायकलच्या पंपाने भोकांतून हवा मारली. काम झकास केलं होतं.

पंचाईत झाली ती परत जोडताना. इंजिनाकडचा जोड बसला, एअर फिल्टरकडचा रबरी नळा बसला, कॉकमधून येणारा पेट्रोलचा पाइप बसला. उरले दोन बारीक पाइप. एक वाटीच्या बुडाच्या नळीवरचा, दुसरा वरच्या बाजूच्या नळीवरचा. दोघांची दुसरी टोकं रिकामी.

"काका, काहीतरी राहिलंय," भाचा म्हणाला. "ही टोकं कुठेतरी लागत असणार."

मीही चष्मा पुसून बघितलं. व्हिडिओतल्या माणसाची गाडी दुसरीच होती, आणि नेमक्या त्या जागेवर त्याचा अंगठा होता. शेवटी आम्ही दोघांनी (हे 'दोघांनी' महत्त्वाचं, एकट्या पोराचा दोष नाही) निकाल दिला की ही दोन टोकं एकमेकांसाठीच असणार. दोनाऐवजी एकच पाइप घेतला आणि खालची नळी वरच्या नळीला जोडून टाकली. एकदम नीटनेटकं दिसायला लागलं. कुठे काही लोंबत नाही. फायलीला टॅग लावून झाल्यावर जसं बरं वाटतं तसं मला वाटलं.

चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून साडूंच्या आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. हातात लाटणं तसंच होतं. काही बोलल्या नाहीत. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उभ्या होत्या.

लालबागच्या रस्त्याला लागलो आणि गाडी गचके खाऊ लागली. मग बंद. दहा मिनिटं थांबलो, परत सुरू झाली. अर्धा किलोमीटर गेली, परत बंद. असं तीनदा झाल्यावर भाच्याचं तोंड पाहवेना. "आजी काय म्हणेल" एवढंच म्हणत होता.

ढकलत ढकलत एका पत्र्याच्या शेडपाशी आलो. तिथले चाचा साठी उलटलेले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "कार्बोरेटर किसने खोला था?" मग खाली वाकले, आमचा तो नीटनेटका पाइप बघितला आणि हसले. पाइप एका बाजूने ओढला तसा बारीकसा फुस्स आवाज झाला. तो पाइप त्यांनी वरच्या नळीवर ठेवला, खालच्या नळीला जुन्या पाइपचा एक तुकडा लावला आणि दोन्ही टोकं इंजिनाच्या मागून खाली सोडून दिली. आमचं मराठी ऐकून त्यांनीही भाषा बदलली होती. म्हणाले, "हे दोन्ही मोकळेच राहतात भाऊ. एक श्वास घ्यायचा, एक सांडायचा." वीस रुपये घेतले, तेही भाच्याने खिशात कोंबले म्हणून.

आता मला जे कळलं ते सांगतो, कारण ते इतकं सोपं आहे की चाळीस वर्षं कोणी सांगितलं नाही याचाच राग येतो. या गाडीला पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल उताराने येतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत साठतं. वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. आपल्याकडे खाजन शेतीला मानस असते ना, भरतीचं पाणीच दार लोटून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणीच ते उघडतं, तसाच हा प्रकार. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि त्याच्यावरची सुई पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली की उघडते. मानशीवर जसा रात्रभर माणूस उभा करावा लागत नाही, तसंच इथेही.

वाटीतलं पेट्रोल वर खेचलं जातं ते हवेच्या ओढीने. नळी मध्ये अरुंद केली की तिथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. हे व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी पाण्यावर प्रयोग करून दाखवलं. त्याच कल्पनेवर विल्हेल्म मायबाखने 1893 साली पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला, आणि पुढची शंभरावर वर्षं जगातल्या गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या. पण वाटीतलं पेट्रोल वर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी, आणि टाकीतून नवं पेट्रोल उतरायचं तर वाटीतली हवा बाहेर जायला हवी. खोबरेल तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुचक्या देत येतं, समोर दुसरं भोक पाडलं की धार लागते. हे आमच्या आयांना पाठ होतं. वरच्या बाजूचा बारीक पाइप म्हणजे ते दुसरं भोक. आम्ही ते बुजवलं होतं.

खालचा पाइप त्याहून शहाणा. सुईखाली कचरा अडकला आणि ती बंद होईना, तर वाटी भरून वाहणार. ते पेट्रोल इंजिनात शिरू नये म्हणून ही सांडवाट. तिच्यातून टपकायला लागलं की समजायचं, सुई साफ करा. माझ्या एका सहकाऱ्याने टपकतंय म्हणून त्या पाइपात स्क्रू पिळून बसवला होता आणि फार खूश होता. पुढे इंजिनच्या ऑइललाच पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा गॅरेजात जाऊन दोन हजार मोजले. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करायची ही पद्धत सरकारी खात्यात रोजची, त्यामुळे त्यालाही ती सहज सुचली असावी.

तर मग आम्ही कुंडी भंडारा पाहिला. तिथे मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो, त्याचं कारण चाचांचं ते वाक्य. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानान बुऱ्हाणपूरला मोगल सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही पाण्याची व्यवस्था आखली असं सांगतात. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जातं. ते मध्येच एका भुयारात धरायचं आणि नुसत्या उताराने गावाकडे आणायचं. वर जमिनीवर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडं दिसतात. त्याच कुंड्या, शंभरावर आहेत. सगळ्या खालून एकमेकींना जोडलेल्या. पाणी जाली करंज नावाच्या हौदात यायचं आणि तिथून मातीच्या नळांनी गावात जायचं. पंप नाही, मोट नाही. इराणात याला कनात म्हणतात. तिथल्या कनातींना 2016 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बुऱ्हाणपूरचा भंडारा मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला.

मी एका कुंडीच्या कठड्यावरून खाली बघितलं. गार हवा तोंडावर आली. या कुंड्यांतून पाणी शेंदता येतं, पण त्यांचं काम तेवढंच नाही. भुयार खोदताना माती वर काढायची ती इथून, गाळ काढायला माणूस उतरायचा तो इथून, आणि खाली हवा-उजेड पोचायचा तोही इथूनच. वरून बघणाऱ्याला वाटावं की एवढी भोकं रिकामी कशाला ठेवली, दोन-चार बुजवून जागा वापरात घ्यावी. चाचांचं वाक्य ऐकलं नसतं तर मलाही तसंच वाटलं असतं.

हे रहीम म्हणजे तेच, हिंदीच्या पाठ्यपुस्तकातले दोह्यांचे रहीम. बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणणारेही तेच. पाणी या एका शब्दाच्या तीन अर्थांवर दोहा रचणारा माणूस ज्या गावी सुभेदार होता, त्या गावात जमिनीखाली खरं पाणीही वळवलं जात होतं. त्यांच्या पदरी कवी होते तसे भुयार खोदणारे जाणकारही. आमच्या बी. ए.च्या अभ्यासक्रमात रहीमही नव्हते आणि नळही नव्हते, हे सोडा. पण साहित्य म्हणजे संस्कृती आणि नळ म्हणजे मिस्त्रीचं काम, अशी वाटणी आमच्या डोक्यात कोणी केली?

मिस्त्री या शब्दाचंच बघा. तो पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून देशभर गेला. आपण अजून मेस्त म्हणतो. मूळ अर्थ उस्ताद, गुरू. बुऱ्हाणपूरपर्यंत पोचता पोचता त्यातला गुरू गळाला आणि हातात पाना राहिला.

माझं म्हणणं हे की मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी या ज्ञानाची फार हेळसांड केली आहे. गोव्यात घरटी दुचाकी आहे, काही घरांत तर माणशी एक. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर माणसं पोचवणारे पायलट ही तर आपली खास ओळख. आणि तरी कार्बोरेटरचा कुठला पाइप कुठे जातो आणि का, हे मराठीत नीट सांगणारी चार पानं मला शोधून सापडली नाहीत. जत्रेतल्या नाटकांवर, दशावतारावर, भजनी परंपरेवर आपण लिहितो, मीही लिहिलंय, लिहिणार आहे. पण शेडमधल्या चाचांकडे जे आहे तेही परंपरेनेच आलेलं आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली लागायचं, दोन वर्षं नुसते पाने पुसायचे, मग कधीतरी फ्लोटला हात लावायला मिळायचा. फरक इतकाच की त्यांना लिहायची गरज पडली नाही आणि आम्हाला शिकायची गरज वाटली नाही, कारण आमच्याकडे द्यायला पैसे होते.

असं नव्हतं पूर्वी. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं बातमीपत्र म्हणूनच. नागपूरच्या 'उद्यम'मध्ये घरगुती धंद्यांची, यंत्रांची माहिती मराठीत येत असे. पुढे 'किर्लोस्कर' मोठं मासिक झालं, आम्ही कला शाखेवाल्यांनी त्यातल्या कथा लक्षात ठेवल्या आणि नांगर विसरून गेलो. नंतर परिभाषेचे कोश आले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, ऑफिसात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पण कोशातला शब्द चाचांना माहीत नाही आणि चाचांचा शब्द कोशात नाही. मला नवे शब्द नको आहेत. कॉक, जेट, फ्लोट, चोक, सगळे आपलेच झालेले आहेत. त्यांची नुसती ओळीने मराठी वाक्यं करायला हवीत.

कोणी म्हणेल, व्हिडिओ आहेत की. आहेत, आणि त्यांच्यामुळेच पोराने गाडी उघडायची हिंमत केली, हे मान्य. पण व्हिडिओवाला 'हा इथे लावा' म्हणतो, 'का' ते बहुतेक वेळा सांगत नाही. का ते कळलं असतं तर गाडी वेगळी असूनही आमचं अडलं नसतं.

दुसरं कोणी म्हणेल, आता कार्बोरेटर राहिलाय कुठे? हेही खरं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि थोडे अपवाद सोडले तर नव्या दुचाकींवर फ्युएल इंजेक्शन आलं. मला त्याचं दुःख नाही. त्या श्वासाच्या पाइपातून पेट्रोलची वाफही हवेत जात होती. नव्या गाड्यांत ती कोळशाच्या डबीत धरून ठेवतात आणि इंजिनात परत पाठवतात, हे चांगलंच आहे. पण जुन्या गाड्या एका रात्रीत नाहीशा होत नाहीत. गावोगावी त्या चालताहेत, आणि चालवणारे बहुतेक असे आहेत की ज्यांना नवी घेणं परवडत नाही. चाचांच्या शेडमध्ये हाताखाली पोरगा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, मुलगा दुसऱ्या गॅरेजात असतो, तिथे गाडीला कॉम्प्युटर लावून बघतात.

तेव्हा मला जमेल तेवढं मी इथेच लिहून ठेवतो. जाणकारांनी चुका काढाव्यात. साध्या शंभर सीसीच्या गाडीचं हे आहे. कार्बोरेटर काढण्याआधी कॉक बंद करा आणि प्रत्येक पाइपला कागदी पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहा. फोटो काढलात तर आणखी बरं. आसपास विडी-काडी नको. जोडताना इंजिनाकडच्या जोडातली गोल रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघा, नाहीतर तिथून हवा खेचली जाते आणि गाडी एका जागी स्थिर चालत नाही. एअर फिल्टरकडच्या नळ्याची क्लिप आवळा. पेट्रोलचा पाइप टोकाला कडक झाला असेल तर तेवढं टोक कापून टाका, भेगा दिसल्या तर नवाच घ्या, आणि त्याला चिमटा विसरू नका. पाइपला कुठे पीळ पडता कामा नये. बुडाचा सांडपाइप आणि बाजूचा श्वासपाइप, दोघांची टोकं मोकळी. ती खाली सोडताना गरम सायलेन्सरला किंवा चेनला लागणार नाहीत असं बघा. मातीने किंवा कुंभारमाशीच्या घराने ती बुजतात, गोव्यात पावसाळ्यानंतर तर हमखास. टाकीत पावसाचं पाणी गेलं असेल तर ते वाटीच्या तळाशी बसतं. बुडाचा स्क्रू थोडा सैल केला की निघून जातं. काही गाड्यांना इंजिनाच्या बाजूने आणखी एक बारीक पाइप निघतो. तो मात्र मोकळा सोडायचा नाही, तो ओढीचा असतो आणि त्याला दुसऱ्या टोकाला जागा ठरलेली असते. तो कंपनीच्या पुस्तकात बघूनच लावा.

हेच सगळं मी बुऱ्हाणपूरहून निघायच्या आदल्या रात्री एका पाठकोऱ्या कागदावर भाच्याला लिहून दिलं होतं, चित्र काढून. चित्र फार वाईट आलंय. त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या साइड कव्हरच्या आत ठेवलंय म्हणे.

परवा त्याचा फोन आला. गाडी आजीला घेऊन राजघाटापर्यंत जाऊन आली, पण येताना पुन्हा थोडी गचकली. टाकीचं झाकण सैल केलं की नीट चालते म्हणाला. "काका, झाकणालापण भोक असतं का?"

असतं म्हटलं. सुई घेऊन बघ.